अर्थसल्लागाराची पहिली दोन वर्षे

द्रव्याविषयी सल्ला देणारा गृहस्थ म्हटला की शहरवासी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. काचेचे दार, मेजावर संगणक, भिंतीवर चढत जाणाऱ्या रेघांचा तक्ता, आणि समोर निवृत्तीची चिंता वाहणारे एक सुखवस्तू जोडपे. पगार दरमहा येतो, त्यातून दरमहा काही शिल्लक पडते, आणि ती कोठे ठेवावी एवढाच काय तो प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्यासाठी सेबी या सरकारी नियामक संस्थेने २०१३ साली नियमही घालून दिले. त्याने परीक्षा द्यावी, नोंदणी करावी, आणि आपल्या सल्ल्याची फी ग्राहकाकडून उघडपणे घ्यावी. ज्याला सल्ला दिला त्याच्याच व्यवहारावर कंपनीकडून कमिशन घेऊ नये. नियम चांगला आहे. परंतु २०२४ च्या सुमारास अशा नोंदणीकृत सल्लागारांची संख्या साऱ्या देशात मिळून हजाराच्याही आत होती. एकशेचाळीस कोटींच्या देशात हजारभर वैद्य असावेत, तसाच हा प्रकार.

मग उरलेल्यांना पैशाचा सल्ला देतो कोण? विम्याचा एजंट, पोस्टातील आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करणारी बाई, बँकेने गावात नेमलेला बँक मित्र किंवा बचतगटातून पुढे आलेली बँक सखी. व्यवहारात अर्थसल्लागार तो हाच. त्याच्या धंद्याची सुरुवात कशी होते, ती कोठे अडते आणि कोठे सावरते, हे पाहावयाचे असेल तर मुंबईच्या पेढ्या सोडून जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात जावे. तेथे या व्यवसायावर शहरातील झिलई नसल्यामुळे त्याची हाडे स्पष्ट दिसतात.

जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले, ठाणे जिल्ह्याचा एक तालुका बनले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हा मोखाड्यासह त्या जिल्ह्यात गेले. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे जव्हार तालुक्याची वस्ती सुमारे १ लाख ४० हजार, मोखाड्याची सुमारे ८३ हजार. आणि दोन्हीकडे दहा माणसांमागे नऊ माणसे अनुसूचित जमातींची, म्हणजे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी. मुंबईकराने हा मुलूख परका मानण्याचे कारण नाही. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, आणि तेथे अडविलेले पाणी रोज सकाळी मुंबईच्या नळांना येते.

या भागातील पैशाला स्वतःचे पंचांग आहे. नव्या सल्लागाराला ते माहीत नसते, किंवा तो येथलाच असला तर परीक्षेच्या पुस्तकात ते नसल्यामुळे विसरलेला असतो. पावसाळ्यात डोंगरउतारावर नागली आणि वरई, सखल तुकड्यात भात, जोडीला उडीद किंवा खुरासणी. पीक दसरा-दिवाळीच्या सुमारास घरी येते. परंतु ते खाण्यापुरते, आणि पुष्कळ घरी तेवढेही नव्हे. दिवाळी झाली की घराला कुलूप लागते. नवरा, बायको, पोरे, कोंबड्यासुद्धा टेम्पोत बसून भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर जातात. जाण्यापूर्वी भट्टीवाल्याकडून उचल घेतलेली असते. भट्टीवर दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. विटांचा हिशेब हजारी दराने होतो, आणि हंगामाच्या अखेरीस उचल व खर्ची वजा जाता जे उरेल ते हातात पडते. शिमग्याला चार दिवस गावी येणे, पुन्हा जाणे, आणि पावसाच्या तोंडावर कायमचे परतणे. मग आषाढ-श्रावणात घरातले दाणे सरतात. याच दिवसांसाठी सरकारने खावटी कर्जाची योजना काढली होती. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके दगावली, त्या बातमीने सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा त्या दिवसांची ओळख शहरांना झाली.

म्हणजे वर्षातून दोनदा थोडा पैसा येतो, आणि उरलेले महिने तो जातो. ‘दरमहा’ हा शब्द येथे परदेशी आहे.

हे पंचांग पूर्वी एका माणसाला मात्र तोंडपाठ होते. तो म्हणजे सावकार. ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील पहिला अर्थसल्लागार तोच, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १९३९ च्या आपल्या अहवालात मुंबई प्रांतातील आदिवासींच्या कर्जबाजारीपणाचे जे वर्णन केले, त्यात लग्नासाठी काढलेले कर्ज आणि त्यापायी सावकाराच्या दारी वर्षानुवर्षे राबणारी माणसे आहेत. डहाणू-उंबरगावकडे अशा माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५ साली किसान सभेच्या, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तेथील वारल्यांनी ही गुलामी मोडून काढली. पण सावकाराचे एक मर्म कोणी ध्यानात घेतले नाही. त्याचे व्याज क्रूर होते; त्याची वेळ मात्र अचूक होती. लग्नाच्या आदल्या रात्री, बियाण्याच्या दिवशी, तापाने फणफणलेल्या पोराला दवाखान्यात नेण्याच्या क्षणी तो दार उघडत असे, आणि कागद मागत नसे. आज त्याची जागा पुष्कळ अंशी उचल देणाऱ्या मुकादमाने घेतली आहे. नव्या सल्लागाराची स्पर्धा बँकेशी नाही, दुसऱ्या एजंटाशीही नाही; ती या वक्तशीर माणसाशी आहे.

आता असा एक नवशिका डोळ्यांपुढे आणावा. जव्हारच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला, नोकरीच्या परीक्षा देऊन थकलेला, मोटारसायकलचे हप्ते अंगावर असलेला. विम्याच्या एजंटाची परीक्षा त्याने पहिल्याच फेरीत दिली आहे. पहिले तीन महिने त्याला आपण या धंद्यासाठीच जन्मलो असे वाटते. मामा पॉलिसी घेतो, कारण भाच्याला नाही म्हणता येत नाही. आश्रमशाळेतील गुरुजी घेतात, कारण त्यांना आयकरात सवलत हवी असते. ग्रामसेवक घेतो, तहसील कचेरीतील कारकून घेतो. पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर कमिशन घसघशीत असते आणि पुढील वर्षांचे किरकोळ, त्यामुळे या तीन महिन्यांत हाती पडलेली रक्कम त्याला आपली कायमची मिळकत वाटू लागते. घरात नवा पंखा येतो. शाखेतील फळ्यावर नाव लागते. आई शेजारणीला सांगते की पोराला ‘कंपनीत’ लागले.

चौथ्या महिन्यात ओळखीच्या पगारदारांची यादी संपते. असे पगारदार जव्हार गावात थोडे, मोखाड्यात त्याहून थोडे, आणि त्यांच्याकडे यापूर्वीच चार एजंट येऊन गेलेले. विम्याचा एजंट दिसला की माणसे रस्ता ओलांडतात, हा विनोद शहरात जुना झाला. डोंगरात रस्ता एकच असल्यामुळे तेवढीही सोय नाही, माणसे नुसती मान खाली घालून जातात.

मग तो पाड्यांकडे वळतो, आणि येथे त्याच्या हातून पहिली खरी चूक घडते. ती अप्रामाणिकपणाची नसते, पंचांगाची असते. दिवाळीपूर्वी, उचल हातात पडलेली असताना, तो एका भट्टीकामगाराला वीस वर्षांची पॉलिसी देतो. हप्ता मोठा नाही. माणूस आनंदाने अंगठा करतो. आपल्या मुलासाठी काही केले याचे समाधान त्याच्या मुद्रेवर दिसते. पुढचा हप्ता येतो तेव्हा तो भिवंडीजवळ चिखल तुडवीत असतो, हाती खर्चीपुरते पैसे असतात, फोन बंद असतो. त्यापुढचा हप्ता भर श्रावणात येतो. पॉलिसी बंद पडते. पारंपरिक पॉलिसी मधेच सोडल्यास काही परत मिळण्यासाठी पूर्वी बहुधा निदान दोन वर्षांचे हप्ते भरलेले असावे लागत. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ही अट एका वर्षावर आणली, ही सुधारणा खरीच. तरी ज्याने दोनच हप्ते भरले त्याला तिचाही उपयोग नाही. एजंटाला मात्र त्या दोन हप्त्यांवरील कमिशन मिळून चुकलेले असते.

दुसऱ्या वर्षी आठवडे बाजारात या दोघांची गाठ पडते. भांडण होत नाही. डोंगरातील माणूस सहसा भांडत नाही. तो एवढेच विचारतो, “दादा, आपले ते पैसे कोठे गेले?” या प्रश्नाला पुस्तकात दिलेले उत्तर बरोबर असूनही देता येत नाही. त्याच बाजारात दहा पाड्यांची माणसे आलेली असतात, आणि संध्याकाळपर्यंत ती गोष्ट दहा पाड्यांवर पोहोचते. पुष्कळ नवे एजंट हा धंदा सोडतात तो या सुमारास.

त्यांच्यावर आणखी एक सावली असते, ती त्यांनी न केलेल्या पापाची. जमीन देतो, दुप्पट करून देतो म्हणून गावोगावच्या एजंटांमार्फत पैसा गोळा करणाऱ्या कंपन्या या देशात थोड्या झाल्या नाहीत. पीएसीएल या एकाच कंपनीने सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९ हजार कोटींहून अधिक रुपये घेतल्याचे सेबीला आढळले, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ते परत करण्याचा हुकूम झाला. पैसे वसूल करण्यासाठी पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा कंपन्यांचे एजंट कोण होते? बहुतांशी असेच गावचे होतकरू तरुण, ज्यांनी स्वतःचे व काकाचेही पैसे त्यात घातले होते. कंपनीचा पत्ता दूरच्या शहरात असतो. एजंटाचा पत्ता सर्वांना माहीत असतो.

पोस्टाचा मार्ग याहून सुरक्षित. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली १९७२ पासून स्त्रिया आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघर जाऊन गोळा करतात, आणि त्यांना शेकडा चार कमिशन मिळते. शंभर रुपयांच्या हप्त्यामागे चार रुपये. दोनशे घरे बांधली तर महिन्याला आठशे. शहरातील एकाच इमारतीत दोनशे घरे असतात. मोखाड्यात दोनशे घरांसाठी किती पाडे आणि किती ओढे ओलांडावे लागतील याचा हिशेब ज्याने पावसाळा पाहिला आहे त्यानेच करावा. शिवाय पाच वर्षांचे साठ हप्ते, चुकल्यास दंड, आणि चारांहून अधिक चुकले तर खाते खंडित. जे घर सहा-सात महिने कुलूपबंद असते त्याचे खाते पहिल्याच उन्हाळ्यात खंडित व्हायचे. प्रामाणिक एजंट बाई अशा वेळी हप्ता पदरचा भरते आणि पावसाळ्यात मागून घेते. म्हणजे, नकळत, ती बिनव्याजी सावकार होते.

म्युच्युअल फंडाची गत तर गणितानेच उघड होते. ऑगस्ट २००९ पासून गुंतवणुकीच्या वेळी ग्राहकाच्या पैशातून दलाली कापून घेणे बंद झाले. वितरकाला मिळते ते साठलेल्या रकमेवर दरसाल मिळणारे अल्प कमिशन. एखाद्या घराने महिना पाचशे रुपये गुंतविले आणि कमिशन शेकडा एक धरले, तर पहिल्या वर्षाच्या अखेरीस वितरकाच्या पदरात तीस-बत्तीस रुपये पडतात. जव्हारहून मोखाड्याला एकदा जाऊन येण्यातच ते संपतात.

या सर्वांत जिची सुरुवात सर्वांत कमी डौलाची, ती बँक सखी बहुधा सर्वांत अधिक टिकते. रिझर्व्ह बँकेने २००६ साली बँकांना गावोगाव प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली, आणि २०११ नंतर ‘उमेद’ अभियानाच्या बचतगटांतून अशा स्त्रिया तयार होऊ लागल्या. एक लहानसे यंत्र, एक वही, एक प्लास्टिकची खुर्ची. ग्राहकाने अंगठा लावावा, आधारची ओळख पटावी, पैसे मिळावेत. परंतु ज्या हातांनी वर्षभर विटा थापल्या आणि भात लावला त्यांच्या बोटांवरील रेषाच झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा नाकारते. बोटे पुसून, तेल लावून, दुसरे बोट लावून पाहावे लागते. तेवढ्यात फोनची रेंज जाते, म्हणून यंत्र घेऊन टेकाडावर चढावे लागते. एखादे वेळी खात्यातून पैसे वजा होतात आणि हातात येत नाहीत. ते परत जमा होईपर्यंतचे दिवस सखीला गावात तोंड दाखविणे कठीण जाते. मोबदला व्यवहारागणिक, तोही अगदी थोडा.

आणि तरीही तिच्याकडे लोक सल्ला विचारायला येतात. कारण ती विकावयाला आलेली नसते, द्यावयाला बसलेली असते. २०२४ च्या ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे दरमहा दीड हजार रुपये स्त्रियांच्या खात्यांवर येऊ लागले तेव्हा सखीच्या अंगणात रांगा लागल्या. ज्या घरांत दरमहा हा शब्द नव्हता तेथे तो प्रथमच आला, आणि तोही स्त्रीच्या नावाने. ही योजना चांगली की वाईट, हा राजकारणाचा विषय बाजूला ठेवू. अर्थसल्लागाराच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, हप्त्याची कोणतीही गोष्ट या घरांशी बोलण्याला आता काही आधार झाला. तसाच थोडा आधार मोगऱ्याने दिला आहे. बायफसारख्या संस्थांनी जव्हारकडे आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. त्यापुढे मोगऱ्याची लागवड वाढली. आंबा-काजू वर्षातून एकदा पैसा देतात; मोगरा फुलला की रोज तोडा आणि रोजचा पैसा. ज्या घरी मोगरा आहे त्या घराला आवर्ती ठेव सांगावी, ज्या घरी नुसती भट्टी आहे त्याला सांगू नये, एवढे ज्या सल्लागाराला कळले त्याचे अर्धे शिक्षण झाले.

उरलेले अर्धे शिक्षण वीस रुपयांचे आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली सुरू झाली तेव्हा वर्षाचा हप्ता बारा रुपये होता. जून २०२२ पासून तो वीस झाला. अठरा ते सत्तर वर्षांच्या माणसाला अपघाती मृत्यू आला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंशाने किंवा झाडावरून पडून आलेला मृत्यूही यात धरला जातो, आणि त्यासाठी लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद लागते. पावसाळ्यात चिखलातून अनवाणी चालणाऱ्या, मोहाच्या आणि आंब्याच्या झाडांवर चढणाऱ्या माणसांना याहून उपयोगी विमा कोणता सांगावा? परंतु हे दोन लाख मिळण्याला तीन गोष्टी लागतात. मृत्यूपूर्वी भगताकडे नेलेच तरी दवाखान्यातही नेलेले असावे आणि कागद जपलेला असावा. अशी काही योजना आहे हे घरात निदान एकाला ठाऊक असावे. आणि हप्ता भरलेला असावा.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी दिसते, आणि तेथेच घात होतो. विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणून हप्ता मेच्या अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो. मेच्या अखेरीस जव्हार-मोखाड्याचा भट्टीकामगार कोठे असतो? परतीच्या वाटेवर, किंवा नुकता परतलेला. हिशेबाचे पैसे कमरेला नोटांत असतात. जनधन खात्यात शून्य असते. वीस रुपये कापले जात नाहीत, विमा संपतो, आणि पाऊस सुरू होतो. सापांचे दिवस येतात.

हे ओळखून वेळेवर सांगणारा सल्लागार एखाद्या घराचे आयुष्य सावरतो. त्याला त्याबद्दल काय मिळते? योजनेच्या मूळ आखणीत बारा रुपयांपैकी मध्यस्थाच्या वाट्याला एक रुपया होता. वीस वर्षांच्या पॉलिसीवर, जी दुसऱ्या पावसाळ्यात बुडणार हे दोघांनाही दिसत असते, हजारो रुपये. नव्या माणसाच्या सद्बुद्धीची परीक्षा याहून कठोर कोणी घेतली नसेल, आणि ज्यांनी हे दर ठरविले त्यांना ती घेण्याचा अधिकार होता की नाही हाही प्रश्नच आहे.

असेच बिनमोबदल्याचे दुसरे काम म्हणजे भट्टीचा हिशेब. उचल किती घेतली, दर आठवड्याला खर्ची किती मिळाली, विटा किती पडल्या, हे शाळेत जाणाऱ्या मुलाकडून एका वहीत लिहवून घ्या, असे सांगण्याला कोणतेही कमिशन नाही. पण हंगामाच्या शेवटी शेठच्या वहीसमोर ठेवण्याजोगी आपली अशी दुसरी वही असणे, हा या घरांच्या दृष्टीने कोणत्याही फंडाहून मोठा लाभ. उचलीपायी माणसाला डांबून ठेवणे १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्याजोगे. गटकर्जांविषयीही सांगण्यासारखे आहे. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा दंडक असा की, घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊ नयेत. मासिक म्हणजे कोणत्या महिन्याचे, मार्गशीर्षातील की श्रावणातील, हे ज्याने त्याने पाहावे. येथल्या सल्लागाराने श्रावणातील धरावे.

जो नवशिका दुसऱ्या वर्षानंतरही या डोंगरात उरतो तो बहुधा केवळ सल्ल्यावर पोट भरीत नाही. त्याचे झेरॉक्सचे दुकान असते, तो ऑनलाइन फॉर्म भरून देतो, वाहनांचे विमे उतरवितो, घरची दोन एकर कसतो. गुरुजींच्या व कारकुनांच्या पॉलिसींचे किरकोळ पण कायमचे कमिशन येत राहते, आणि त्या जोरावर पाड्यांना खरे ते सांगण्याची चैन त्याला परवडते. भट्टीकामगाराला तो आता वीस वर्षांची पॉलिसी देत नाही. दिवाळीला उचल आली की त्यातले दोनशे रुपये बायकोच्या खात्यात टाकून ठेवा आणि त्यांना हात लावू नका, एवढेच सांगतो. मेमधील वीस रुपये त्यातूनच जायचे असतात.

आणि बँक सखीचे वर्षातील सर्वांत गर्दीचे दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात येतात. भिवंडीकडून टेम्पो परत येऊ लागतात, पाड्यांवर चुली पेटतात, राबासाठी भाजलेल्या जमिनीचा वास हवेत असतो. ती वही घेऊन घरोघर जाते. “ताई, आत्ताच आलो, बस की,” असे कोणी म्हणते. ती बसते, पाणी पिते, यंत्र काढते, खाते पाहते, आणि पहिल्या सरीपूर्वी वीस रुपये मागते.